दोन बोटांची ढील

कुरुंद्याच्या गिऱ्हाइकाला मोटारसायकल कोरी लागते. कोरी म्हणजे नुसती नवी नव्हे. घरच्या बाईनं चाकावर पाणी घालून कुंकू लावायच्या आधी तिच्यावर कुणी बूड टेकलेलं चालत नाही. कारखान्यातून मीटरवर आलेला एखादा किलोमीटर ते देवाच्या नावानं सोडतात, पण त्याच्या पुढचा आकडा दिसला की संपलं. एकदा आमच्या मेकॅनिकनं घाईत गाडी कळमनुरीहून चालवत नेली. त्या घरच्या म्हातारीनं चष्मा लावून मीटर वाचलं आणि विचारलं, "सेकंडहँड काहून आणली रे?" गाडी दारातून परत आली.

म्हणून कुरुंद्याच्या गाड्या पिकअपमध्ये बसून जातात, नवरीसारख्या.

उत्तमरावांच्या शोरूमचं गोदाम मी एकोणीस वर्षं सांभाळतो. माझं नाव रामजी. आलेली गाडी, गेलेली गाडी आणि वाटेत खरचटलेली गाडी, तिन्हींच्या नोंदी माझ्याकडे. नोंद गाडीची असते, डोळा मात्र माणसावर. उत्तमराव दिवसातून किती वेळा "माझा शब्द हाय" म्हणतात आणि त्यातले किती शब्द संध्याकाळपर्यंत टिकतात, हेही मला तोंडपाठ आहे. सरासरी सांगत नाही. नोकरी करायची आहे.

पाडव्याच्या सकाळी पाच गाड्या कुरुंद्याला अकराच्या आत पोचवायच्या होत्या. नेहमीचा पिकअपवाला धर्मसिंग ऐन वेळी दुसऱ्या शोरूमचं काम धरून बसला. उत्तमराव फोनवर फोन करत काउंटरपुढं फेऱ्या मारू लागले. तेव्हा आमच्याकडे आरटीओच्या कागदांचं टेबल बघणारी आकांक्षा उठून म्हणाली, "सर, माझ्या बाबांची पिकअप आहे."

उत्तमरावांनी फेरी थांबवली. "पोरी, तुझा बाप बैल वाहतो. बैलाला ओरखडा पडला तर बैल चाटून घेतो. गाडी चाटत न्हाई."

"मी शिकवते त्यांना बांधायचं."

हे ती सहज म्हणाली नव्हती. तिच्या घरचं मला माहीत होतं. तिचा बाप जळबा वीस वर्षं बाजारोबाजार जनावरं वाहत आला. मग शेतात बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, बाजार ओसरले, आणि दोन महिन्यांपासून पिकअप दारात उभी होती. हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या होत्या. पुण्याचा मुलगा प्रमोद रोज फोन करायचा, की गाडी विका, इकडं या, सोसायटीत वॉचमनचं काम बघून ठेवलंय. पाडवा झाला की एक गिऱ्हाईक पिकअप बघायला येणार होतं. जळबाला पुण्याच्या गेटवर स्टुलावर बसायचं नव्हतं. त्याला कामासाठी स्टेअरिंग पाहिजे होतं, तेही याच रस्त्यांवर.

उत्तमरावांनी माझ्याकडे बघून निकाल दिला. "रामजी सोबत जाईल. पाच गाड्या बिनओरखड्याच्या पोचल्या, तर सालभराची वाहतूक तुझ्या बापाची. एक जरी ओरखडा पडला, तर त्यानं खुशाल पुण्याला जावं. माझा शब्द हाय."

त्या दिवसातला तो तिसरा शब्द होता आणि अजून नऊ वाजले नव्हते.

जळबा आला तो हौदा धुऊन आला होता, पण पिकअपला शेणाचा वास होताच. उंच, वाळका माणूस. "जयभीम रामजीभाऊ," म्हणाला. मीही जयभीम केला. त्यानं एका दमात पिकअप मागं घेऊन गोदामाच्या ओट्याला अशी लावली, की ओटा आणि हौद्याच्या मध्ये फळी टाकायचीही गरज उरली नाही. चालवणारा हात पक्का होता. मला जरा वाईटच वाटलं. अशा माणसात खोट काढायला वेळ लागतो.

पहिली गाडी, लाल, आकांक्षानं स्वतः चढवून दाखवली. शोरूममधले खटक्याचे, खटक्यागणिक आवळत जाणारे पट्टे तिनं खांद्यावर टाकून आणले होते.

"बाबा, बघा हं. स्टँड वर. पहिला गिअर. पुढचं चाक केबिनच्या जाळीला टेकलेलं, हँडल सरळ. पट्टा मुठीला बांधायचा न्हाई, आरशाच्या दांडीला तर मुळीच न्हाई. इथं खाली, दोन्ही बाजूंनी. आता ओढा."

खट, खट, खट.

"आता पुढच्या चाकाचे शॉकप बघा. दबले का? असे दबूनच राहिले पाहिजेत. न्हाई तर खड्ड्यात गाडी खाली बसती, पट्टा ढिला पडतो आन् हूक निसटतो."

"अगं, किती आवळून राहिलीस तिला?"

"आवळायचंच असतं."

"व्हय, व्हय," जळबा म्हणाला. हे दोनदा म्हटलेलं व्हय मी बऱ्याच लोकांकडून ऐकलं आहे. एकदा म्हटलं तर पटलेलं असतं.

मागचे पट्टे बांधून झाले तोच काउंटरवरून हाक आली. पाडव्याची गर्दी, लोक कागदांसाठी ताटकळलेले. आकांक्षा पळाली. उरलेल्या चार गाड्या जळबानं एकट्यानं चढवल्या. सगळं तिनं सांगितल्याप्रमाणं. स्टँड वर, गिअर टाकलेला, दोन गाड्यांच्या मध्ये बारदाना. पट्टाही बरोबर जागी. फक्त ओढताना तो थांबायचा, डाव्या हाताची दोन बोटं पट्ट्याखाली घालायचा, बोटं आत गेली की मान हलवायचा आणि पुढच्या पट्ट्याकडे वळायचा. शॉकप एकाही गाडीचे दबले नव्हते.

मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. ती दोन बोटं मी ओळखली. गाडीत बैल बांधायचा तर मानेला तेवढी ढील ठेवावी लागते. वळणावर जनावर पाय हलवतं, आपला तोल आपणच सावरतं. आवळून बांधलं आणि घसरलं, तर फास बसून जातं. वीस वर्षांत जळबाच्या हौद्यात एकही जनावर दगावलं नव्हतं, ते ह्या दोन बोटांमुळं. आता तीच बोटं मोटारसायकलची मान चाचपत होती.

शेवटी तो आकांक्षानं बांधलेल्या लाल गाडीजवळ गेला. तिच्याकडे बघत उभा राहिला. इकडंतिकडं पाहिलं, खटका उचलला आणि पट्टा सोडला. दबलेले शॉकप सुस्कारा टाकल्यासारखे वर आले. मग दोन बोटं ठेवून त्यानं तो पुन्हा बांधला आणि टाकीवर थाप मारली. "जीव घुसमटून राहिला होता बिचारीचा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी बोलायला पाहिजे होतं. पण मी मनात दोन रकाने मांडले. मी बोललो आणि काहीच झालं नाही, तर मी लुडबुड्या ठरणार. मी गप्प बसलो आणि काही झालं, तर माझी नोंद पक्की. एकोणीस वर्षांत मला दुसरा रकाना नेहमी फायद्याचा पडला आहे. मी चालान खिशात घातलं आणि केबिनमध्ये जाऊन बसलो.

कळमनुरी सोडली आणि मागं पहिला आवाज झाला. टक. जळबानं आरशात बघितलं. मी मान वळवून मागच्या काचेतून बघितलं. पाचही उभ्या. पुढं पुन्हा टक. पुन्हा त्यानं आरसा, मी काच. सीटवर माझं बूड एका जागी ठरेना. रस्ता गुळगुळीत लागला की आवाज बंद व्हायचा, आणि तो बंद झाला की जास्तच अवघड व्हायचं, कारण आता पुढचा कधी येणार ह्याची वाट बघावी लागायची.

जळबा चालवत मात्र असा होता, की जणू मांडीवर लेकरू झोपलंय. वळण यायच्या कितीतरी आधी वेग सोडायचा, खड्ड्यात एकेक चाक उतरवायचा आणि तोंडानं म्हणायचा, "हो, हो. सबुरी." ते मला नव्हतं. मागच्या पाच जणींना होतं.

आकांक्षाचा फोन आला. त्यानं तो स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला.

"बाबा, शॉकप दबलेले आहेत ना?"

"व्हय, व्हय."

"रामजीकाका, तुमी बघितलं का?"

जळबानं रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"बराबर आहे," मी म्हणालो.

फोन बंद झाल्यावर जळबा पुन्हा रस्त्याकडे बघू लागला आणि मी माझ्या खिडकीबाहेर.

एका लिंबाखाली त्यानं पिकअप थांबवली. दोघं मागं गेलो. लाल गाडी थोडी कलली होती, बारदान्याला टेकली होती, पण ओरखडा कुठंच नव्हता. जळबानं तिला सरळ केलं, पट्टा थोडा ओढला, बोटं घातली, मान हलवली.

"बगा, गुमान उभ्या हायेत का न्हाई?" तो म्हणाला. "पोरीला वाटून राहिलं मला कळत न्हाई. अहो, एकदा गाभण म्हैस नेली मी ह्याच रस्त्यानं. खाली उतरली ती रवंथ करत."

"जळबाभाऊ, म्हशीला चार पाय असतात," मी म्हणालो. विनोद म्हणून म्हणालो. खरं सांगायची संधी मी विनोदावर खर्च केली.

तो हसला. "हिला तर दोनच. म्हंजी हिला तर जास्तच सांभाळून घ्यावं लागंल."

तेवढ्यात कुरुंद्याहून शालूबाईंचा फोन. नवरा गेल्यावर सात एकर हळद एकटीनं उभी करणारी बाई. कॉलेजला जाणाऱ्या कोमलसाठी, तिच्या मुलीसाठी, लाल गाडी घेतली होती. पाचांतली लाल तीच.

"कुठं हाव तुमी? अकराला मुहूर्त संपतो. ताट धरून धरून माझा हात दुखून राहिला. निरांजन दोनदा विझलं!"

"आलोच, आक्का," मी म्हणालो. घड्याळात पावणेअकरा. आमच्या चालीनं अकरानंतरच पोचणार हे उघड होतं. दहा मिनिटांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन, मग पुन्हा शालूबाई. माझा पाय केबिनच्या पत्र्यावर आपोआप आपटू लागला, जणू ॲक्सिलरेटर माझ्याच बाजूला आहे.

"जळबाभाऊ, जरा दाबा की."

"मागं त्या..."

"उभ्या हायेत म्हणालात ना? मग दाबा."

त्यानं दाबली. आता टक-टक मोजता येईना, नुसता खडखडाट सुरू झाला. गावाच्या अलीकडं कुणीतरी रस्ता खोदून शेताची पाइपलाइन पलीकडं नेली होती आणि वर मातीचा उंबरठा तसाच ठेवला होता. जळबानं ब्रेक मारला. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. आणि मग एक आवाज आला, ह्या सगळ्यांपेक्षा वेगळा. लांबलेला, घासत गेलेला.

आम्ही उतरलो. लाल गाडीचा डावा हूक निसटून पट्टा लोंबत होता. गाडी शेजारच्या काळ्या गाडीवर पडली होती. काळीला काही झालं नव्हतं. तिच्या क्लचच्या दांडीचं टोक मात्र लालच्या टाकीवरून फिरलं होतं. माझ्या मधल्या बोटाएवढा ओरखडा. खाली पांढरा पत्रा दिसत होता.

जळबानं त्यावर अंगठा फिरवला. थुंकी लावून फिरवला. मग हौद्याच्या फाळक्यावर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"पोरीनं बांधलेली होती ही," तो म्हणाला. "तशीच ठेवली असती तर..."

मला त्याची दया आली. त्याहून जास्त स्वतःची काळजी वाटली, कारण दाबा म्हणणारा मी होतो. म्हणून मी उपाय सुचवला. "हे बघा. टाकीवर बाया कुंकवाचं स्वस्तिक काढतात. आपण सांगू, ह्या बाजूला काढा, मोठं काढा. वरून हार. एकदा कुंकू लागलं की गाडी त्यांची. चार दिवसांनी दिसलं तर म्हणतील, कॉलेजात कुणीतरी पाडलं."

जळबानं मान वर केली. "रामजीभाऊ, बाजारात लंगडा बैल मातीत उभा करून विकणारे लई बगितले मी. त्यांचे बैल वाहिले बी. पर दावं हातात धरून कुणापुढं उभा ऱ्हायलो न्हाई कधी."

"सालभराचं काम जाईल."

"व्हय," तो म्हणाला. एकदाच.

शालूबाईंच्या दारात गुढी उभी होती, साखरेच्या गाठीवर मुंग्या चढल्या होत्या. पिकअप दिसताच त्या ताट घेऊन पायऱ्या उतरल्या, मागं कोमल नव्या ड्रेसमध्ये, फोनवर शूटिंग करत. जळबानं फाळका उघडला आणि हौद्यातूनच हात आडवा केला.

"आक्का, कुंकू लावू नका. आदी हिकडून बगा."

शालूबाईंनी बघितलं. ताट कोमलच्या हातात दिलं. मग जे सुरू झालं त्यात उत्तमराव, मी, जळबा, पिकअप आणि गाडी बनवणारा कारखाना असे सगळे आले, आणि प्रत्येकाला आपापला वाटा मिळाला.

"राहू दे ना आई, एवढंसं तर आहे," कोमल म्हणाली.

"पाडव्याच्या दिशी खरचटलेली घरात घेऊ? काहून? फुकट देऊन राहिलेत का?" शालूबाई जळबाकडे वळल्या. "दिवस मावळायच्या आत दुसरी पाहिजे. अशीच लाल. न्हाई आली तर मला गाडीच नको."

"बराबर हाय तुमचं," जळबा म्हणाला. त्यामुळं त्या जास्तच चिडल्या. भांडणाऱ्या माणसाला समोरून बराबर हाय आलं की पुढं काय म्हणायचं ते सुचत नाही.

बाकीच्या चार गाड्या उतरल्या, ओवाळल्या गेल्या, मुहूर्त टळल्याबद्दल चार घरांतून चार टोमणे मिळाले. लाल तेवढी परत चढली. जळबा पट्टा घेऊन उभा राहिला. ओढला. थांबला. बोटं आत गेली.

"जळबाभाऊ, ढील नको," मी म्हणालो. सकाळी नऊला म्हणायचं वाक्य मी दुपारी साडेबाराला म्हणालो.

"माहीत हाय हो." त्यानं पुन्हा ओढला, पुन्हा तिथंच थांबला. "समजून राहिलं मला. हातच फुडं जात न्हाई."

शेवटी मी हौद्यात बसलो. चैत्राचं ऊन, खाली तापलेला पत्रा, आणि मी दोन्ही हातांनी एका मोटारसायकलला मिठी मारून. एकोणीस वर्षांत गाडीला हात लावायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. वाटेतले लोक हात करत होते. मी त्यांना मोजलं नाही.

शोरूमपुढं पोचलो तर उत्तमराव पायरीवरच. शालूबाईंचा फोन आमच्या आधी पोचला होता. त्यांनी टाकी बघितली आणि जळबाला म्हणाले, "झालं? सांगितलं होतं मी. जा आता पुण्याला."

दारात आकांक्षा येऊन उभी होती. तिनं बापाकडे न बघता ढिल्या पट्ट्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं.

"तुमी सोडला ना तो, बाबा?"

"व्हय."

उत्तमराव माझ्याकडे वळले. "आन् तू? तुला कशाला पाठवला होता? तुला दिसलं न्हाई?"

नाही म्हणायला फार सोपं होतं. पण दोन तास जी गाडी मिठीत धरली, तिच्याच पुढं उभं राहून खोटं बोलणं जमेना. "दिसलं होतं, शेठ. बोललो न्हाई. वर दाबा बी मीच म्हणालो."

उत्तमरावांनी मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. मात्र ते सुनावताना त्यांची नजर रस्त्यावर होती, आणि ती काय शोधते आहे हे मला कळलं. पाडव्याच्या दुपारी कळमनुरीत दुसरी रिकामी पिकअप नव्हती. शोरूमच्या काचेत एक लाल गाडी उभी होती. दिवस मावळायच्या आत ती कुरुंद्याला गेली नाही, तर शालूबाई गाडी नाकारणार, आणि त्यांच्या मागं निम्मी गल्ली.

आकांक्षा म्हणाली, "सर, काचेतली द्या. मी बांधते, मी सोबत जाते. बाबा चालवतील."

"आन् काउंटर?"

"रामजीकाका बघतील. लिहायचंच काम आहे."

उत्तमरावांनी तोंड वाकडं केलं, रस्त्याकडे आणखी एकदा बघितलं. "ठीक हाय. पर एक ऐक, जळबा. ही गाडी नीट पोचली तर सालभराचं काम तुझं. चालवायचं तू. पट्ट्याला हात लावायचा न्हाई. पोरगी बांधंल, तू बघायचं. जमत असंल तर बोल."

ह्या वेळी ते शब्द हाय म्हणाले नाहीत. म्हणून मला तो खरा वाटला.

जळबाला ते लागलं. वीस वर्षं त्याच्या हौद्यातल्या कुठल्याच जिवाला दुसऱ्या कुणी दावं लावलं नव्हतं. त्याच्या खिशात फोन वाजू लागला. त्यानं काढून बघितला. प्रमोदचा होता. वाजू दिला, वाजून वाजून बंद झाला.

"चढव गं," तो आकांक्षाला म्हणाला.

लाल गाडी हौद्यात गेली. स्टँड वर, गिअर पडला, चाक जाळीला टेकलं. आकांक्षानं पट्टे लावले आणि ओढायला सुरुवात केली. खट. खट. शॉकप खाली जाऊ लागले तसा जळबाचा हात आपोआप फाळक्यावर आला, दोन बोटं पुढं झाली. त्यानं ती मुठीत दाबली आणि हौद्याकडे पाठ करून उभा राहिला. जनावर कसायाच्या हाती देताना माणूस पाठ करतो तसा. मी ओट्यावरून त्याचा चेहरा बघत होतो. प्रत्येक खटक्याला तो डोळे मिटून घेत होता.

"झालं का?" त्यानं न वळता विचारलं.

"अजून एक, बाबा."

आकांक्षा थांबली, पट्टा हातात धरून. तिच्यानंही त्याच्या परवानगीशिवाय पुढं ओढवेना.

"घे," जळबा म्हणाला. "घे म्हणलं ना. मी हिकडं बघतो."

खट.

तो मागं न बघताच केबिनकडे गेला, चढला आणि त्यानं गाडी सुरू केली.